पूजेला बसलेला कॉम्प्युटर

आमच्या मंडळात दान मिळवणे अध्यक्षांकडे असते, दानाबद्दल बोलणेही त्यांच्याकडेच, आणि दान पोचवणे माझ्याकडे. मी सुरतेतल्या एका डाइंग मिलमध्ये डिस्पॅच बघते. कुठला तागा कुठल्या टेम्पोत चढला हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे सभेत हमालीचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना आपोआप माझ्याकडे वळतात. "ताई, तुम्ही याद्या करताच," अध्यक्ष म्हणतात, "त्यात ही एक."

कॉम्प्युटर वाटपाचे काम असेच माझ्या गळ्यात पडले. साडी मार्केटमधल्या एका शेठने ऑफिसात नवीन मशिने घेतली आणि जुनी आमच्या मंडळाला देऊ केली. आमचे मंडळ म्हणजे इथली मराठी माणसे, त्यातही बरीचशी खानदेशातून लूमवर कामाला आलेली कुटुंबे. त्यांच्या मुलांना कॉम्प्युटर मिळणार, म्हणून अध्यक्षांनी आधी बॅनर छापायला टाकला आणि मग मला फोन केला.

मी टेम्पो घेऊन शेठच्या ऑफिसात गेले. मशिने खरोखर चांगली होती. जाड पत्र्याच्या पेट्या, मजबूत स्क्रीन, ऑफिसात वर्षानुवर्षे चालतील अशी. फक्त शेठचे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, खाली बसून एकेक पेटी उघडत होते आणि आतून काहीतरी काढून पिशवीत टाकत होते.

"हे काय काढताय?"

"हार्ड डिस्क," शेठ म्हणाले. "बेन, ए तो घरनी वात छे."

घरातली गोष्ट म्हटल्यावर बाहेरच्याने विचारायचे नसते. मेहताजींनी पिशवीची गाठ मारली, तिजोरी उघडली, पिशवी लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवली आणि तिजोरी बंद केली. मी मार्केटमध्ये इतकी वर्षे माल पोचवते. हिशेब एका डोळ्याने लिहायचा असतो आणि दुसऱ्याने लपवायचा असतो, एवढे मला कळते. शेठने मशिने दिली, त्यांची आठवण ठेवून घेतली.

त्यामुळे नव्या डिस्क मंडळाला घ्याव्या लागल्या. बॅनर रद्द करून त्या पैशात डिस्क घ्या, असे मी सुचवले. पण बॅनर छापून आला होता आणि त्यावर अध्यक्षांचा फोटो चांगला आला होता. शेवटी महिला शाखेच्या सहलीचे पैसे डिस्कमध्ये गेले. दुरुस्तीवाल्याने मशिने पुसली, डिस्क बसवल्या, चालू करून दाखवली. एका पेटीवरचा लाल डाग मात्र त्याला निघेना. इथले व्यापारी दिवाळीला हिशेबवहीची पूजा करतात, तिला चोपडापूजन म्हणतात. वह्या गेल्या आणि कॉम्प्युटर आले, पण पूजा राहिली. ती आता कॉम्प्युटरची होते. पेटीवर तेलात कालवलेल्या कुंकवाने साथियो, म्हणजे आपले स्वस्तिक, काढतात. दर वर्षी जुन्यावर नवे काढून काढून ते पत्र्यात मुरले होते.

"पेट्रोल लावू का?" दुरुस्तीवाल्याने विचारले.

"मशीन चालतंय ना? मग राहू दे."

मुले निवडण्यासाठी अध्यक्षांनी निकष लिहून दिले होते: गरजू, होतकरू, गुणवंत. असल्या शब्दांना टेम्पोत चढवता येत नाही. मी माझे निकष लावले. घरात सॉकेट आहे का, त्यात दिवसा वीज असते का, पेटी ठेवायला जमिनीपासून वर जागा आहे का, उंदीर किती, आणि मुलाला त्या मशिनीवर नेमके काय करायचे आहे. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांनी "अभ्यास" असे उत्तर दिले, कारण कार्यकर्त्यांना काय आवडते हे मुलांना माहीत असते.

भेस्तान या शहराच्या कडेच्या कामगार वस्तीतल्या एका मुलीने वेगळे उत्तर दिले. "पंचिंग," ती म्हणाली.

एम्ब्रॉयडरीच्या मोठ्या मशिनीला फूल काढ म्हटले तर ती काढत नाही. प्रत्येक टाका कुठे पडायचा, सुई कुठून कुठे जायची, हे कोणीतरी कॉम्प्युटरवर आधी आखून द्यावे लागते. त्या आखणीला पंचिंग म्हणतात आणि सुरतेत ते येणाऱ्याला काम आहे. मुलगी बारावीनंतर पंचिंगच्या क्लासला गेली होती. क्लास संपला आणि सराव बंद पडला, कारण सरावाला मशीन नव्हते. बाप लूमवर, आई घरी बसून साड्यांचे लोंबते दोरे कापायची, आणि मुलगी तिच्याशेजारी बसून तेच करायची.

"एका कारखान्यात बोलून आलेय," ती म्हणाली. "तिथला मालक म्हणाला, लाभपाचमीला डिझाइन घेऊन ये. मशिनीवर चालली तर कामाला बस, नाही चालली तर दुसरी पोरगी आहे."

लाभपाचम म्हणजे दिवाळीनंतरची पंचमी. त्या दिवशी इथली दुकाने आणि कारखाने मुहूर्त करून पुन्हा उघडतात. मी तिचे नाव यादीत सगळ्यात वर घातले. अध्यक्षांनी विचारले, "गुणवंत आहे का?" मी म्हटले, "तिला तारीख आहे." त्यांना ते कळले नाही, पण सही त्यांनी केली.

वाटपाचा समारंभ मंडळाच्या हॉलमध्ये झाला. मुले आया-बापांबरोबर आली आणि अध्यक्षांचा चेहरा पडला. आया झगमगीत साड्यांत, मुली फुलांच्या ड्रेसमध्ये, मुलांचे शर्ट कडक इस्त्रीचे.

"ताई, ही मुलं गरजू दिसत नाहीत हो," ते माझ्या कानात म्हणाले. "फोटोत काय दिसेल?"

"सुरतेत गरिबी अंगावर दिसत नाही, अध्यक्ष. कापड स्वस्त आहे."

"पण देणाऱ्याला जरा वाटायला पाहिजे ना!"

शेठना मात्र काही वाटले नाही. त्यांनी गर्दीत बघितले, एका साडीचा काठ बोटांनी चाचपला आणि खुशीने म्हणाले, "आ तो आपणो माल छे!" नंतर त्यांच्या फर्मच्या नावाचा मोठा स्टिकर प्रत्येक पेटीवर लावला गेला. तो निघू नये म्हणून त्यावर सेलोटेपही मारला. भेस्तानच्या मुलीच्या आईने रांगेतल्या पेट्या बघितल्या आणि कुंकवाच्या डागाच्या पेटीवर थेट हात ठेवला.

"हाई द्या ताई. हाई पूजेल शे."

पुजलेली आहे, म्हणून हवी. मला काही फरक पडत नव्हता. मी खूण केली.

दसरा झाला. मुलगी रोज बसत होती. क्लासवाल्यानेच तिच्या मशिनीत सॉफ्टवेअर टाकून दिले. ते त्याने कुठून आणले हे मी विचारले नाही, कारण तीही घरनी वात असावी. मी एकदा जाऊन आले तेव्हा स्क्रीनवर कोयऱ्यांचा काठ अर्धा झाला होता. "मधल्या दोऱ्याच्या उड्या कमी करतेय," ती म्हणाली. "एकदा उडी मारली की कोणीतरी तो दोरा कापत बसतं." तिने आईकडे बघितले नाही, आणि आईने हातातली कात्री थांबवली नाही.

धनतेरस जवळ आली तसा अध्यक्षांचा फोन आला. आवाज खाली गेला होता.

"ताई, एक मशीन परत पाहिजे."

"कुणाला?"

"लक्ष्मीला."

झाले होते असे. शेठच्या आई, ज्यांना सगळे मार्केट बा म्हणते, दान दिले तेव्हा आपल्या लेकीच्या सासरी गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी पूजेची तयारी काढली आणि साथियोचा कॉम्प्युटर मागितला. तो दान केला, हे ऐकल्यावर त्या खालीच बसल्या. वर्षानुवर्षे पुजलेली लक्ष्मी तुम्ही टेम्पोत घालून भेस्तानला पाठवली? म्हणून मार्केट थंड आहे! मार्केट त्याच्या आधीपासून थंड होते, पण हे बांना सांगण्याची हिंमत शेठमध्ये नव्हती.

"दिवाळीनंतर शेठ दुसरं मशीन देतील," अध्यक्ष म्हणाले.

"दिवाळीनंतर कधी? तिला लाभपाचमीला डिझाइन न्यायची आहे."

"ताई, दात्याचं मन मोडायचं का? पुढच्या वर्षी ते प्रिंटर देणार आहेत."

मी भेस्तानला गेले. मी सांगत असताना मुलगी उठून मशिनीपुढे उभी राहिली, जणू मी ते आत्ताच उचलणार होते. बोलली आई.

"मनी पोरनं समदं काम त्यामा शे, ताई. देयेल वस्तू परत मांगतंस का कोणी?"

"मी परत न्यायला आलेले नाही. बघायला आले, काय काय करता येतं ते."

"काम पेनड्राइव्हवर घेता येईल, काकू," मुलगी म्हणाली. "पण मग पुढचं कशावर करू? पदर बाकी आहे. अर्धी डिझाइन मशिनीवर चालत नाही."

ते अगदी बरोबर होते. मशीन गेले तर ती लाभपाचमीला अर्धा काठ घेऊन जाणार, जागा दुसऱ्या मुलीला मिळणार आणि हिच्यासमोर आईशेजारची जागा होतीच. मी रिक्षातच कागद काढून तोडगे लिहिले.

शेठचे घर मोठे आणि थंड होते. बा झोपाळ्यावर बसल्या होत्या. शेठ उभे होते, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे.

पहिला तोडगा सांगितला: कोऱ्या पेटीवर नवीन साथियो काढा, लक्ष्मी येईल.

बा म्हणाल्या, "तुमच्या घरी पाहुणी आली आणि तुम्ही तिला दुसऱ्या कुणाच्या घरी सोडून आलात, तर बोलावल्यावर ती येते?"

दुसरा: पूजेला फोटो ठेवा, लाभपाचमीनंतर मशीन आणून देते. बांनी मान हलवली. पूजा दिवाळीची, लक्ष्मी पंचमीची, असे कसे चालेल?

तिसरा: मुलीला शेठच्या ऑफिसात नवीन मशिनीवर तेवढे दिवस बसू द्या. आता शेठ जोरात म्हणाले, "ना, ना! एमां तो हिसाब छे!"

माझा कागद संपला. मग मी कागदावर नसलेले बोलले.

"बा, एक सांगा. लक्ष्मी हिशेबात असते की पेटीत? कारण हिशेब तर शेठनी आधीच काढून घेतला. पिशवीत घालून तिजोरीत ठेवलाय, तुमच्याच ऑफिसात."

शेठचा चेहरा पांढरा झाला. बा त्यांच्याकडे वळल्या.

"कई पिशवी?"

"काही नाही, बा. जुनं सामान."

बांनी जुन्या सामानाचा विचार केला. त्या मार्केटच्या घरात सून म्हणून आल्या होत्या, त्यांना सांगावे लागले नाही. "हिशेब दर वर्षी नवा असतो," त्या हळू म्हणाल्या. "ते पान उलटलं की संपलं. मी कुंकू पेटीला लावलं, हिशेबाला नाही. मला पेटी द्या. आतमध्ये काय आहे ते तुमचं."

"आतलं सगळं आमचं?"

"सगळं. मी आत कधी बघितलेलं नाही."

शेठ इतके सुटल्यासारखे झाले की त्यांनी स्वतः मला चहाचा कप दिला. मी उठणार तेवढ्यात बा म्हणाल्या, "पण पेटीच्या पुढचा हिरवा दिवा लागायला पाहिजे. दरसाल लागतो. दिवा नाही तर पूजा कसली?"

मी दुरुस्तीवाल्याला घेऊन भेस्तानला गेले. तो गावी निघाला होता, बॅग खांद्यावरच होती. त्याने पेटी उघडली, आतले सगळे बाहेर काढले आणि डोके खाजवले. अशा ऑफिसच्या मशिनींचे माप वेगळे असते, दुसऱ्या कुठल्याही पेटीत ते बसत नाही, आणि तशी पेटी मागवली तरी ती लाभपाचमीआधी येणार नाही.

"मग उघडंच राहू दे," मी म्हटले. "चालेल की नाही?"

"चालेल. पण ठेवणार कशावर? पत्र्यावर ठेवलं तर उडेल."

मुलीच्या आईने भिंतीला टेकवलेला लाकडी पाट पुढे केला. दुरुस्तीवाल्याने त्यावर सगळे पसरून स्क्रूने बसवले. चालू करायचे बटण पेटीतच राहिले होते, म्हणून त्याने मुलीला दोन पिना दाखवल्या: स्क्रूड्रायव्हरचे टोक दोन्हींना एकदम टेकवायचे की मशीन सुरू. पहिल्यांदा टोक घसरले. दुसऱ्यांदा पंखा फिरला आणि स्क्रीनवर कोयऱ्यांचा काठ आला, जिथे होता तिथूनच.

"पाणी सांडू नका," दुरुस्तीवाला म्हणाला.

"आम्ही पाटवर जेवत नही आते," आई म्हणाली. "आते मशीन जेवाले बठनं."

रिकाम्या पेटीत त्याने दिवाळीच्या माळेतला एक हिरवा दिवा आणि बटणाएवढा सेल बसवला. खर्च मंडळाच्या नावावर घातला आणि स्टेशनला पळाला. पेटी मी शेठकडे पोचवली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः माझ्याबरोबर भेस्तानला आले. त्यांना लक्ष्मीची काळजी नव्हती, बांची नव्हती आणि मुलीची तर नव्हतीच. स्टिकर पेटीबरोबर गेला होता.

"मग या मशिनीवर दात्याचं नाव कुठे?"

"जागा कुठे आहे? सगळ्या वायरी आहेत."

त्यांनी वाकून सगळीकडून बघितले. शेवटी पाटाच्या कडेला नवा स्टिकर लावला. मुलीच्या आजीचा पाट, आणि त्यावर साडी मार्केटमधल्या फर्मची मेहरबानी. अध्यक्षांनी फोटो काढला. फोटोत मशीन दिसत नव्हते, स्टिकर दिसत होता, आणि तेवढे पुरेसे होते.

चोपडापूजनाचे बोलावणे मला होते. गादीवर पांढरी चादर, मधोमध चौरंग, चौरंगावर झेंडूचा हार घातलेली रिकामी पेटी. जुन्या साथियोवर बांनी नवा काढला. हिरवा दिवा लागला होता. खरा हिशेब शेजारच्या खोलीत नव्या मशिनीत होता, त्याला कोणी फूलही वाहिले नाही. शेठने डोळे मिटून हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, "कसं तेज आहे बघा!" आत काहीच नसल्यामुळे या मशिनीला बंद पडण्याची, लटकण्याची किंवा कुणाच्या धाडीत सापडण्याची भीती उरली नव्हती. मार्केटमधल्या इतक्या वर्षांत इतका सुरक्षित कॉम्प्युटर मी बघितला नाही.

त्या दिवाळीत मुलीच्या घरचे गावी गेले नाहीत. लाभपाचमीला ती, तिची आई आणि मी कारखान्यात गेलो. शटर अर्धे वर होते, मशिनींना हार, दाराला तोरण. मालकाने आधी स्वतःच्या शकुनाची डिझाइन चालवली, पेढा वाटला, मग हात पुढे केला. मुलीने पेनड्राइव्ह दिला. साऱ्या सुया एकदम खाली आल्या आणि लांब टेबलावर एकाशेजारी एक त्याच कोयऱ्या उमटू लागल्या. मुलगी कापडाकडे बघत नव्हती, दोऱ्याकडे बघत होती. दोरा तुटला तर डिझाइन वाईट, एवढे तिला क्लासमध्ये सांगितले होते.

दोरा तुटला नाही. मालकाने नमुना उलटा करून मागची बाजू बघितली.

"टाके जास्त आहेत. माझी मशीन उगाच फिरते."

"कमी करीन," मुलगी म्हणाली.

"पण उड्या नाहीत." त्याने पुन्हा बघितले. "दोरा कापायला कोणी लागणार नाही याला."

"मंग मनं काय?" आई म्हणाली. कोणी हसले नाही, म्हणून तिने स्वतःच हसून घेतले.

मालकाने नमुना घडी करून खिशात घातला. "उद्यापासून ये. पण ऐक, इथे कॉम्प्युटर एकच आहे आणि त्यावर माझा भाचा बसतो. घरी आहे ना तुझा? घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलमधून एक तासाची सुट्टी घेतली आणि रिक्षा ठरवली. मुलगी मागे मधोमध बसली, मांडीवर पाट, पाटावर कॉम्प्युटर. आईने स्क्रीन मुलासारखा पोटाशी धरला. वायरी माझ्या पिशवीत होत्या. प्रत्येक खड्ड्याला मुलगी दोन्ही हात वायरींवर झाकायची, जणू खाली कबुतराची पिल्ले आहेत. रिक्षावाल्याने आरशात दोनदा बघितले.

"काकी, ये बम तो नहीं है ना?"

"कॉम्प्युटर आहे. समोर बघ."

मालक दारातच उभा होता. तो पाटाकडे बघत राहिला, मग मुलीकडे, मग माझ्याकडे.

"आ शुं छे?"

"कॉम्प्युटर," मुलगी म्हणाली.

"ने पेटी क्यां?"

"पेटी पूजेत बसली आहे," मी सांगितले. "साडी मार्केटमध्ये."

मालकाने समजल्यासारखी मान हलवली. त्याला पुढे काही विचारावेसे वाटले नाही. सुरतेत एवढे कारण पुरते. त्याने भाच्याला उठवून टेबलाचा कोपरा मोकळा करून घेतला आणि सॉकेट दाखवले. मुलीने पाट नीट ठेवला, वायरी जोडल्या, ओढणी कमरेला खोचली आणि पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला.

भाचा एक पाऊल मागे सरकला. तिने टोक टेकवले आणि पंखा फिरायला लागला.